वीस मीटर तार आणि वरचं आभाळ

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरहून नागपूर सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. एसटीने गेलात किंवा मोबाइलवर बोललात, तर त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही. पण तेच बोलणं हॅम, म्हणजे हौशी, रेडिओच्या चाळीस मीटर बँडवरून करायचं म्हटलं, तर कामाची लहर नागपूरच्या दिशेने जातच नाही. ती जवळजवळ सरळ वर निघते. ढग आणि विमानं मागे टाकून तीनेकशे किलोमीटर उंची गाठते, तिथून वळते आणि मग नागपुरात उतरते. शंभर किलोमीटरसाठी सहाशेचा वळसा, आणि एवढं करूनही वेळ लागतो सेकंदाचा पाचशेवा भाग. मधे टॉवर नाही, केबल नाही, रिचार्ज तर नाहीच.

वर असतं ते आयनांबर. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण तिथल्या विरळ हवेतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात आणि ही सुट्या इलेक्ट्रॉनांची गर्दी रेडिओलहरीला वाकवत वाकवत पुन्हा जमिनीकडे धाडते. या आभाळाचे थर असतात. साठ ते नव्वद किलोमीटरवरचा ‘डी’ थर दिवसा लहरी गिळतो आणि सूर्य मावळला की विरून जातो. त्याच्या बऱ्याच वरचा ‘एफ’ थर मात्र रात्रीही टिकून राहतो. म्हणून अंधार पडला की दूरची स्टेशनं जवळ येतात. ज्यांच्या घरी वॉल्व्हचा रेडिओ होता त्यांनी रेडिओ सिलोन कानाला लावून हे अनुभवलेलं आहे. कोलंबोची गाणी विदर्भात याच वाटेने यायची. लहर जमिनीवर आपटून पुन्हा वर गेली, की तळ्यात चपट्या दगडाने भाकऱ्या काढाव्यात तशी टप्पे घेत ती खंड ओलांडते. पाच-दहा वॅटमध्ये, म्हणजे घरातल्या एलईडी दिव्याइतक्या विजेत, युरोप गाठणारे हौशी रोज भेटतात.

गंमत अशी, की हे आभाळ कामाचं आहे हे जगाला दाखवून दिलं ते हौशांनीच. १९१२ च्या अमेरिकन कायद्याने त्यांना दोनशे मीटरपेक्षा आखूड लहरींवर ढकललं होतं. त्या लहरी निरुपयोगी, लांब जात नाहीत, असं तेव्हाचे जाणकार मानत. खेळा तिकडे जाऊन, असाच एकूण भाव. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरातला लेऑन दलुआ आणि अमेरिकेतले फ्रेड श्नेल व जॉन राइनार्ट्झ हे तिघे हौशी सुमारे शंभर मीटरच्या लहरीवर अटलांटिकच्या आरपार एकमेकांशी बोलले. जाणकारांची भाषा मग बदलायला वेळ लागला नाही. १९२७ मध्ये भारत-इंग्लंड बिनतारी तारसेवा याच आखूड लहरींवर सुरू झाली. तिचं प्रक्षेपण केंद्र होतं खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला. पुण्याहून दौंडला रेल्वेने जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

आपल्याकडच्या हौशांची एक कहाणी मात्र सरळसोट नाही. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश सरकारने हौशांचे परवाने रद्द करून ट्रान्समीटर जमा करायला लावले. मुंबईच्या नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याकडे पुढे उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गेले, आणि त्याने जमवलेल्या यंत्रावरून २७ ऑगस्ट १९४२ ला ४२.३४ मीटरवर भूमिगत काँग्रेस रेडिओ बोलू लागला. मुंबईत जागा बदलत बदलत तो नोव्हेंबरपर्यंत चालला. पोलिसांना अखेर ठिकाण कळलं तेही प्रिंटरकडूनच. उषाताईंना चार वर्षांचा तुरुंगवास झाला. या प्रिंटरला कुठल्या रकान्यात बसवायचं, हे मला अजून कळलेलं नाही. यंत्र मात्र चोख होतं.

स्वतंत्र भारतात हौशांना थेट उपग्रह मिळाला. ५ मे २००५ ला इस्रोने सोडलेला हॅमसॅट साडेबेचाळीस किलोचा होता. त्यात एक ट्रान्सपाँडर (सिग्नल घेऊन परत पाठवणारं यंत्र) भारतीय बनावटीचा होता आणि दुसरा एका डच विद्यार्थ्याने बांधलेला. दोन वर्षं चालावा म्हणून पाठवलेला हा गडी बॅटऱ्या थकेपर्यंत, २०१४ च्या जुलैपर्यंत राबला. मग पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ ला गेला. वजन जेमतेम एक किलो. हौशांचे निरोप एका ठिकाणी घ्यायचे आणि दुसऱ्या ठिकाणी उतरवायचे, म्हणजे अवकाशातला पोस्टमनच. त्याला दिशा देण्यासाठी मोटर नव्हती. पोटात कायमचुंबक बसवले होते आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच त्याला होकायंत्राच्या सुईसारखं वळवत होतं. एक थेंब इंधन नाही! मला हॅमसॅटपेक्षा हा जास्त आवडतो.

त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ गेला तो आयनांबरातले इलेक्ट्रॉन मोजायला. भारतावरचं आयनांबर मोजण्याजोगं आहेच. चुंबकीय विषुववृत्त केरळातल्या थुंब्याजवळून जातं. १९६३ मध्ये भारतातून पहिलं रॉकेट तिथून उडालं ते याच कारणाने. दिवसा त्या रेषेवरचे इलेक्ट्रॉन कारंज्यासारखे वर उसळतात आणि उत्तर-दक्षिणेला दूरवर पडतात. उत्तरेकडचा ढीग साचतो तो मध्य भारतावर. धानाच्या बांध्यांत वाकून रोवणी करणाऱ्या बाईच्या माथ्यावर केरळातून उसळलेले इलेक्ट्रॉन उतरत असतात, हे कळल्यावर मी काही वेळ नुसता वर बघत बसलो होतो.

आता ताज्या बातम्या. १८ एप्रिल १९२५ ला पॅरिसमध्ये हौशांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिची शंभरी २०२५ मध्ये झाली. त्याच वर्षी ४ जुलैला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून शुभांशु शुक्ला बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात जमलेल्या मुलांशी हॅम रेडिओवरून बोलले. अकरा वर्षांच्या सौरचक्राचा भर २०२४ च्या सुमारास आला. त्या मे महिन्यात सूर्याने असं वादळ धाडलं, की लडाखच्या हानले वेधशाळेवरचं आभाळ लाल झालं. भर ओसरत जाईल तसे वरचे बँड रुसतील, खालचे रात्री रंगतील. सूर्य शांत असला म्हणून बँड ओस पडत नाहीत, याचं श्रेय बरंचसं जो टेलर या हौशाला आहे. जोड पल्सारच्या शोधासाठी १९९३ चं भौतिकीचं नोबेल मिळालेला हा माणूस. पल्सारचा क्षीण टिकटिकाट गोंगाटातून निवडण्यात हयात गेलेली, तेव्हा त्याने तीच हिकमत छंदासाठी वापरली. त्याने आणि स्टीव्ह फ्रँकेने २०१७ मध्ये आणलेल्या एफटी-८ या पद्धतीत दोन स्टेशनं पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांनी निरोप देतात, आणि कानाला फक्त खरखर ऐकू येते तेव्हाही संगणक त्यातून स्टेशनचं कॉलसाइन, म्हणजे ओळखचिन्ह, वाचून दाखवतो.

हे सगळं लाखांदूरहून कसं जमेल? मुंबई-पुण्यापेक्षा बरं जमेल, असं माझं मत आहे. शहरात चार्जर, लिफ्ट आणि स्वस्त एलईडी मिळून बँडवर असा कचरा करतात, की बारीक सिग्नल त्यातच बुडतो. तुमच्याकडे धुऱ्यावर मोह आहे, आंबा आहे, मोकळी जागा आहे. तारेची लांबी काढायला १४३ ला मेगाहर्ट्झने भागा; चाळीस मीटर बँडच्या ७.१ साठी उत्तर येतं साधारण वीस मीटर. तेवढी तांब्याची तार मधोमध कापायची, पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर दोन्ही टोकं बांधायची, तिथून कोएक्स केबल खाली आणायची आणि तारेची बाहेरची टोकं नायलॉन दोरीने झाडांना ताणायची. विजेच्या तारांच्या जवळपासही फिरकायचं नाही आणि गडगडाट सुरू झाला की कोएक्स काढून ठेवायची. एवढी साधी अँटिना, आणि लहर सरळ वर पाठवण्यासाठी आठ-दहा मीटर उंची पुरते.

दुसरी गोष्ट भूगोलाची. चारशे किलोमीटर उंचीचं अवकाश स्थानक सुमारे बावीसशे किलोमीटर त्रिज्येच्या जमिनीवरून दिसतं. लाखांदूर देशाच्या मध्याजवळ; म्हणजे स्थानक काश्मीरवर असो की कन्याकुमारीवर, ते तुमच्या क्षितिजाच्या वरच असतं. १४५.८०० मेगाहर्ट्झवर ते ऐका. कधी कधी ते चित्रं पाठवतं. चिरचिरत, शीळ घालत एक चित्र दोनेक मिनिटांत येतं आणि रेडिओशेजारी ठेवलेल्या फोनवरचं ॲप ते ओळ ओळ उलगडतं. स्थानक जवळ येताना सिग्नल साडेतीन किलोहर्ट्झ वर सरकलेला असतो, दूर जाताना तेवढाच खाली. दहा मिनिटांत खेळ आटोपतो.

छंदाची एक बाजू ऐनवेळी कामी येणारी आहे. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांची हौशी मोहीम पोर्ट ब्लेअरला होती. २६ तारखेला भूकंप आणि त्सुनामी आली, तेव्हा अंदमानातून बाहेर निरोप नेणारे तेच. किल्लारीच्या भूकंपातही हॅम धावले होते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत वेढा घातला होता, तो तुम्हाला आठवत असेलच. मोबाइल टॉवरची बॅटरी संपली की पुढे काय? बहुतेक रिग, म्हणजे हॅमचे रेडिओसंच, बारा व्होल्टवर चालतात. ट्रॅक्टरची बॅटरी पुरते. पण पूर आल्यावर परीक्षा देता येत नाही, परवाना आधीच हातात हवा.

परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून मिळतो. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेली हवीत. वरची मर्यादा नाही, त्यामुळे नातू आणि आजोबा एकाच बाकावर परीक्षेला बसू शकतात. प्राथमिक परवान्याला मोर्सची सक्ती नाही आणि त्याचं कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होतं. वरच्या श्रेणीला मोर्स लागतं आणि व्हीयू२ मिळतं. ऑनलाइन स्वस्तात दिसणारे वॉकीटॉकी घेऊन परवान्याआधी बोलू मात्र नका, तो गुन्हा आहे. तोवर ऐकायला काही विकत घ्यावं लागत नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवरून कुणालाही फिरवता येतो. संध्याकाळी त्याच्यावर १४.०७४ मेगाहर्ट्झ लावा आणि दर पंधरा सेकंदांनी बदलणारा एफटी-८ चा कल्ला ऐका.

पुढे स्वतःची तार बांधाल तेव्हा सेकंदासेकंदाला ‘टक्’ असा आवाज आला तर घाबरू नका. तो शेजारच्या शेताच्या कुंपणावरच्या झटका मशीनचा. रानडुकरांना हॅम रेडिओचं कौतुक नाही, तेव्हा ते मशीन रात्री बंद करायला कुणाला सांगू नका. तार शेताच्या दुसऱ्या टोकाला न्या आणि रिगवरचं नॉइज ब्लँकरचं बटण दाबा. ते नेमकं अशाच टकटकीसाठी दिलेलं असतं.