घर घेणाऱ्याच्या बाजूने कोण?

वाकड, पुनावळे, रावेत किंवा बाणेरच्या एखाद्या नव्या प्रकल्पाच्या विक्री कार्यालयात शिरलं, की सरबताच्या आधी एक फॉर्म समोर येतो. नाव, फोन नंबर, बजेट, आणि खाली एक छोटा रकाना : आमच्याबद्दल कुठून कळलं? घर बघायला आलेलं जोडपं तो रकाना फारसा विचार न करता भरतं. पण तुमच्या व्यवहारातलं कमिशन कोणाच्या खात्यात जाणार, हे त्या रकान्यावरून ठरतं. आदल्या रात्री एखाद्या संकेतस्थळावर सहज म्हणून नंबर टाकला असेल, तर तुम्ही तिथे पोचण्याआधीच कोणाच्या तरी नावावर नोंदले गेलेले असण्याची शक्यता बरीच आहे.

त्या कार्यालयात तुमच्याशी गोड बोलणारा प्रत्येक जण कोणासाठी काम करतो, ते एकदा पाहायला हवं. सेल्स मॅनेजर बिल्डरच्या पगारावर असतो. तुम्हाला गाडीतून साइटवर घेऊन आलेला 'चॅनल पार्टनर' बिल्डरकडून कमिशन घेतो. करारनाम्याचा मसुदा बिल्डरच्या वकिलाने केलेला असतो. कर्जाचा अर्ज भरून घेणारा प्रतिनिधी बँकेचा किंवा कर्ज जुळवून देणाऱ्याचा. बँकेचा वकील कागद तपासतो खरा, पण बँकेचे पैसे सुरक्षित आहेत ना, एवढ्यापुरता. पंधरा-वीस वर्षांचे हप्ते ज्याच्या पगारातून जाणार, त्याच्या बाजूने मात्र कोणीच बसलेलं नसतं. घर घेणाऱ्याने स्वतःचा, स्वतः मानधन देऊन नेमलेला एजंट ठेवावा असं मी आग्रहाने म्हणतो, ते या रिकाम्या खुर्चीमुळे.

'ब्रोकरेज शून्य' असं फलकावर लिहिलेलं असतं आणि बहुतेकांना ते पुरेसं वाटतं. पण बिल्डर चॅनल पार्टनरला जे देतो ते विक्रीच्या किमतीतूनच निघतं, आणि ती किंमत तुम्ही भरता. म्हणजे पैसे तुमचे, आणि निष्ठा दुसऱ्याची. त्यात वेगवेगळ्या प्रकल्पांचे कमिशनचे दर वेगळे. चार साइट दाखवून 'दादा, वहिनी, माझं ऐका, तिसरीच घ्या' असं कोणी सांगतो, तेव्हा तिसरी तुमच्यासाठी बरी की त्याच्यासाठी, हे कळायला मार्ग नसतो.

कायदा या बाबतीत व्यवहाराच्या पुढे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात एजंटाची कर्तव्यं स्पष्ट दिली आहेत : नेमणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे वागणं, कौशल्याने काम करणं, हिशेब देणं. नेमणाऱ्याला अंधारात ठेवून त्याच कामात एजंटाने स्वतःचा व्यवहार केला, तर त्यातला फायदा मागण्याचा हक्कही नेमणाऱ्याला आहे. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या एजंटाच्या व्याख्येतही तो व्यवहारात एका व्यक्तीच्या वतीने काम करतो, असंच म्हटलं आहे. महारेराकडे नोंदणी करायची तर आता प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण व्हावं लागतं. प्रकल्पाची माहिती आणि कागद ग्राहकाला मिळवून देणं हे एजंटाचं कर्तव्य आहे, आणि खोटी आश्वासनं दिल्यास त्याच्याविरुद्ध तक्रारही करता येते. पण एक मोठी फट राहते. ही नोंदणी रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी आहे. कोथरूडमधला १९९४ सालचा दोन खोल्यांचा फ्लॅट रिसेलमध्ये घेताना मध्यस्थाला नोंदणी असेलच असं नाही. आणि स्वतःच्या एजंटाची सगळ्यात जास्त गरज तिथेच असते.

रिसेलमध्ये आपल्याकडे एकच मध्यस्थ विकणाऱ्याकडूनही एक-दोन टक्के घेतो आणि घेणाऱ्याकडूनही. तो माणूस वाईट असतो असं मुळीच नाही. अनेक जण वर्षानुवर्षं एकाच भागात इमाने काम करतात. पण गणित त्याच्या हातात नाही. समजा फ्लॅट ९० लाखांचा आहे आणि तुमच्याकडून त्याला एक टक्का मिळणार आहे. किंमत पाच लाखांनी खाली आली, तर तुमचे पाच लाख वाचतात, शिवाय पुण्यातल्या ७ टक्क्यांच्या हिशेबाने मुद्रांक शुल्काचे ३५ हजार. (नोंदवलेली किंमत सरकारी दर तक्त्याच्या खाली गेली, तर शुल्क तक्त्याप्रमाणेच लागतं.) त्याचे मात्र तुमच्या बाजूने पाच हजार कमी होतात आणि विकणाऱ्याच्या बाजूनेही तेवढेच. उलट किमतीवर घासाघीस लांबली आणि व्यवहार फिसकटला, तर त्याचं सगळंच जातं. त्यामुळे तो लवकर 'मधला आकडा' काढतो. तो आकडा योग्य आहे का, हे तपासणारं कोणी नसतं.

स्वतःचा एजंट पहिलं काम इथे करतो. मागितलेल्या भावावर तो विसंबत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्याच इमारतीतले, शेजारच्या सोसायटीतले आधीचे व्यवहार शोधतो, त्यांची सूची क्रमांक दोन काढतो, कुठल्या महिन्यात कुठला फ्लॅट कितीला नोंदला गेला ते पाहतो. मग चटई क्षेत्र. जुन्या करारात बऱ्याचदा 'बिल्टअप' किंवा 'सुपर बिल्टअप' लिहिलेलं असतं आणि भाव त्यावर सांगितला जातो. चटई क्षेत्रावर भाव काढला की महाग वाटणारा फ्लॅट स्वस्त निघतो आणि स्वस्त वाटणारा महाग. पार्किंगचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही असा निकाल दिला. तरी आजही 'पार्किंगसह' म्हणून दोन-तीन लाख वर मागणारे भेटतात. ते पार्किंग सोसायटीच्या दप्तरात कोणाच्या नावावर आहे, हे सोसायटीच्या सचिवांना विचारायला तुमचा माणूस लागतो.

कागदांचा भाग तर खूप मोठा आहे. आधीच्या मालकांच्या करारनाम्यांची साखळी पूर्ण आहे का, पहिला करार हरवला आहे का, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालं होतं का, जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झालं आहे का. शेवटचा प्रश्न तर उद्या पुनर्विकास व्हायचा असेल तर फार मोलाचा. विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल, तर मूळ कागद बँकेत अडकलेले असतात. तेव्हा किती रक्कम थेट बँकेच्या कर्ज खात्यात भरायची आणि कागद कधी सुटणार, हे टोकन देण्याआधी ठरलं पाहिजे. सोसायटीने हस्तांतरणासाठी भरमसाट रक्कम मागितली, तर महापालिका हद्दीत त्यावर २५ हजारांची मर्यादा आहे, हे सांगणारा कोणी हवा. यात मालकी हक्काचा शोध हे वकिलाचंच काम आहे. एजंट त्याची जागा घेऊ शकत नाही. पण कुठला कागद मागायचा आणि तो मिळेपर्यंत पैसे रोखून धरायचे, हे एजंटाचं काम आहे.

पुण्यात हल्ली नेहमी दिसणारी एक परिस्थिती सांगतो. आईवडील गेले, मुलगा न्यू जर्सीत, फ्लॅट विकायचं मुखत्यारपत्र मामांकडे. मामा सज्जन, व्यवहार सरळ. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरावर १ टक्का कर कापायचा असतो, एवढं खरेदीदाराला ठाऊक असतं, म्हणून तो तेवढा कापतो. पण विकणारा अनिवासी असला की हा १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही. अनिवासींसाठीच्या वेगळ्या, बऱ्याच जास्त दराने कर कापावा लागतो, आणि कमी कापला तर आयकर खातं घेणाऱ्याला धरतं. समोरच्या बाजूचा मध्यस्थ हे सांगेलच असं नाही, कारण जास्त कर कापला जाणं त्याच्या अशिलाला नको असतं. आपला एजंट पहिल्या भेटीतच मालक कुठे राहतात ते विचारतो आणि चार्टर्ड अकाउंटंटला फोन लावतो.

अमेरिकेत घेणाऱ्याचा स्वतंत्र एजंट ही पद्धत रुळली, तीही आपोआप नाही. १९८३ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अहवालात दिसलं की घर दाखवणारा एजंट आपल्यासाठी काम करतो असं बहुसंख्य खरेदीदार समजत होते, आणि कायद्याने तो विकणाऱ्याचा असे. पुढे घेणाऱ्याचे एजंट आले, पण त्यांचं कमिशन विकणाऱ्याच्याच बाजूने येत राहिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसुरीतल्या ज्यूरीने या पद्धतीविरुद्ध विक्रेत्यांनी केलेल्या दाव्यात सुमारे १.८ अब्ज डॉलरची भरपाई ठरवली. मार्च २०२४ मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या एजंटांच्या संघटनेने ४१.८ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. १७ ऑगस्ट २०२४ पासून तिच्या सभासद एजंटांना घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो आणि त्यात मानधनाचा नेमका आकडा लिहावा लागतो. तिथे राहणाऱ्या आपल्या अनेक मुलामुलींनी अशा करारांवर सह्या केल्या आहेत. त्यांच्या आईवडिलांनी इथे ८० लाखांचा व्यवहार मात्र तोंडी भरवशावर करावा, हे मला पटत नाही.

घेणाऱ्याच्या एजंटालाही टक्क्यांनी पैसे दिले, तर वरची अडचण तशीच राहते : महाग घर त्याला जास्त देतं. म्हणून ठरावीक रक्कम बरी. शोध, भावाची तपासणी आणि बोलणी, कागद गोळा करणं, नोंदणीच्या दिवसापर्यंत सोबत, असे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचे पैसे ठरवता येतात. 'हे घर घेऊ नका' असं सांगूनही त्याचं नुकसान होता कामा नये. नवीन प्रकल्प असेल, तर बिल्डरकडून त्याला जे कमिशन देऊ केलं जाईल ते त्याने तुम्हाला सांगावं आणि तुमच्या मानधनातून वळतं करावं, हेही आधीच बोलून घ्यावं. असं करणारे एजंट आज थोडे आहेत. पण मागणारे ग्राहकही आजवर थोडेच होते.

करार दोन पानांचा पुरतो. एजंटाचं नाव आणि असल्यास महारेराचा नोंदणी क्रमांक. या व्यवहारात तो समोरच्या पक्षाकडून काहीही घेणार नाही, किंवा घेतलं तर लेखी कळवेल, हे कलम. तुमचं कमाल बजेट तो कोणालाही सांगणार नाही, हे दुसरं; कारण तो आकडा फुटला की बोलणी तिथेच संपतात. टोकन देण्याआधी कुठले कागद पाहायचे त्याची यादी, आणि बँकेने कर्ज नाकारलं किंवा कागदात दोष निघाला तर टोकन परत मिळेल असं विकणाऱ्याकडून लिहून घेण्याची जबाबदारी एजंटावर. नव्या प्रकल्पात किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला घेता येत नाही, म्हणून नोंदणीआधी त्याहून जास्तीचा चेक तुमच्याकडून देऊ न देणं, हेही त्याच्याच कामात. मुदत तीन-चार महिन्यांची ठेवावी आणि काम पटलं नाही तर झालेल्या टप्प्यांचे पैसे देऊन दोघांनाही मोकळं होता यावं. पहिली साइट पाहायला जाण्याआधी सह्या व्हाव्यात, आणि विक्री कार्यालयातल्या त्या फॉर्मवरच्या रकान्यात काय लिहायचं ते तुमच्या एजंटाने तुमच्यासमोर लिहावं.