वजन तेच, साखर कमी : हिशेब काट्याचा आणि कणांचा



आपला उसाचा सगळा व्यवहार वजनावर चालतो. गाडी काट्यावर चढली, पावती हातात पडली की आपण मोकळे झालो असे वाटते. पण उसाच्या रसात जे काही घडते ते वजनावर चालत नाही, नगावर चालते. हा नगाचा हिशेब एकदा समजून घेतला तर तोडलेला ऊस बांधावर पडून राहिला की साखर कुठं जाते, हे कागद-पेन्सिलीने मांडता येते.

बेण्याचे उदाहरण घ्या. लागणीला टिपरी नगावर लागतात. दोन डोळ्यांची एकरी दहा-बारा हजार. तेवढी मोजत कोण बसणार? शंभर टिपरी वजन करून पाहायची, की टनात किती बसतात ते कळते. बारीक उसाची जास्त, जाड उसाची कमी. म्हणजे एका नगाचे वजन ठाऊक असले की काट्यावरच नग मोजता येतात.

रसायनशास्त्रात हेच करतात. तिथले नग म्हणजे रेणू, आणि ते इतके बारीक की डझन, शेकडा पुरत नाही. म्हणून त्यांची एक मोठी मोळी ठरवली आहे. तिला ‘मोल’ म्हणतात. एका मोलात ६०२ वर २१ शून्ये एवढे कण असतात. इटलीचे शास्त्रज्ञ अ‍ॅव्होगाड्रो यांच्या नावाने हा आकडा ओळखला जातो. २०१९ पासून तो जगभर कायमचा पक्का केलेला आहे.

आता मोळीचे वजन काढू. साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. कार्बनचा भार १२, हायड्रोजनचा १, ऑक्सिजनचा १६. म्हणजे १४४ अधिक २२ अधिक १७६, एकूण ३४२. तेव्हा ३४२ ग्रॅम साखर म्हणजे एक मोल. पाण्याचा भार १८, म्हणून घोटभर, म्हणजे १८ ग्रॅम, पाणी हाही एक मोलच. वजनात १९ पटींचा फरक, पण नग अगदी सारखे!

रीत साधी आहे. ग्रॅमला रेणुभाराने भागले की मोल मिळतात. मोलला त्या मोठ्या आकड्याने गुणले की कण मिळतात. उलट जायचे तर मोलला रेणुभाराने गुणायचे, की ग्रॅम.

आता मुद्द्याचे. ऊस तोडला की त्यातली साखर फुटू लागते. साखरेचा एक रेणू पाण्याचा एक रेणू घेतो आणि त्याचे दोन तुकडे होतात: एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. दोघांचाही भार १८०. म्हणजे ३४२ अधिक १८ बरोबर ३६०. वजन कुठंच हरवले नाही, उलट वाढले! पण कारखान्यात दाणा धरतो तो साखरेच्या अखंड रेणूचा. फुटलेल्या रेणूंची पोत्यात भरायची साखर होत नाही. ते मोलॅसिसच्या वाटेला जातात, आणि चुना घालून रस तापवताना त्यांच्यामुळे रसाचा रंगही बिघडतो.

समजा, एक टन उसात ३ किलो ४२० ग्रॅम साखर फुटली. म्हणजे ३४२० भागिले ३४२, बरोबर १० मोल. तिने रसातले १० मोल, म्हणजे १८० ग्रॅम, पाणी घेतले आणि ३ किलो ६०० ग्रॅम फुटीर साखर झाली. काट्याला यातले काहीच कळत नाही. पण दिवसाला ५००० टन गाळप धरले तर १७,१०० किलो साखर गेली. ५० किलोची ३४२ पोती, एका दिवसात!

आणि हे नुकसान कारखान्याचे म्हणून सोडून देता येत नाही. आपला दर उताऱ्याला बांधलेला आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये एफआरपी ठरवली, आणि त्यावरच्या दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे जादा. वरच्या उदाहरणातली घट ०.३४ टक्के आहे. उतारा १०.२५ च्या वर असेल तर त्यातल्या ०.३ टक्क्याचेच टनाला सुमारे १०० रुपये होतात. शिवाय पडून राहिलेला ऊस वाळतो, म्हणजे काट्यावरही घट. दोन्हीकडून मार आपल्यालाच.

ऊन जसे वाढेल तशी ही फूट वेगाने होते. जळीत उसात तर ती आणखी लवकर. म्हणून सभासदांना विनंती, की तोडचिठ्ठी आणि वाहन यांचा मेळ बसल्याशिवाय कोयता लावू देऊ नये. जेवढे वाहनात मावेल तेवढेच तोडावे, मोळ्या उन्हात ठेवू नयेत, पाचट पेटवू नये आणि तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडेल असे पाहावे. वाहन अडले तर गट ऑफिसला लगेच कळवावे.

काटा किलो सांगतो. साखर किती अखंड राहिली, ते तोडीपासून गव्हाणीपर्यंत गेलेल्या तासांवर ठरते.