गोऱ्हा, पान्हा आणि वाघाची वाट

गोऱ्हा केव्हा बडवावा, यावर दोन जुन्या शेतकऱ्यांचे सहसा एकमत होत नाही. लवकर बडवला तर जनावर गरीब निघते, पण पाय लांबट होतात, मान भरत नाही, वशिंड बसके राहते आणि जू ठेवायला खांदाच उरत नाही. उशीर केला तर खांदा बनतो, पण मस्तीही अंगात मुरते. म्हणून पुष्कळ जण गोऱ्हा दोन दाती होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन-अडीच वर्षे थांबत. पूर्वी हे काम दगड-लाकडाने होई. आता पशुवैद्यकाच्या हातात बुर्डिझो चिमटा असतो आणि ट्रॅक्टरमुळे बैलच कमी झाले आहेत. वाद मात्र अजून ऐकू येतो.

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातले रोहिणखेड हे बालाघाटाच्या डोंगराला अगदी पायथ्याशी टेकलेले गाव. इतिहासाच्या पुस्तकांत ते दोन लढायांसाठी आणि खुदावंतखान महदवीने १५८२ मध्ये बांधलेल्या मशिदीसाठी येते. पहिली लढाई १४३७ ची, खानदेशचा नसीरखान आणि बहमनी सरदार खलफ हसन यांच्यातली. मला इथे या गावाकडे दुसऱ्याच कारणासाठी वळायचे आहे. वर जंगल, खाली कपाशी, गोठ्यात म्हैस आणि तालुक्यात नळगंगेचे धरण अशा मुलखात प्राण्यांच्या शरीरातली संप्रेरके काय काय घडवतात, हे पाहायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही.

आधी गोऱ्ह्याचे पूर्ण करू. वृषणातून येणारे टेस्टोस्टेरॉन दोन वेगळी कामे करते. मान, खांदा, वशिंड ही बांधणी ते वाढीच्या वयात करते, आणि एकदा झालेली बांधणी बरीचशी टिकते. मस्तीला मात्र त्याचा रोजचा पुरवठा लागतो. हाडांच्या टोकाशी वाढीचा जो कूर्चेचा पट्टा असतो, तो वयात आल्यावर लैंगिक संप्रेरकांमुळेच बंद होतो. ती आलीच नाहीत तर पट्टा उघडा राहतो आणि पाय वाढत राहतात. लवकर बडवलेला बैल उंच का होतो, याचे उत्तर इतके सरळ आहे. शास्त्रज्ञांनी हा ‘घडवणे’ आणि ‘जागवणे’ असा फरक १९५९ मध्ये गिनीपिगवरच्या प्रयोगातून मांडला. गाभण मादीला टेस्टोस्टेरॉन दिले, तर तिच्या पोटच्या माद्यांची वागणूक मोठेपणीही बदललेली राहिली.

त्याच्याही शंभर वर्षे आधी, १८४९ मध्ये, जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथे आर्नोल्ड बेर्टहोल्डने सहा कोंबडे घेतले होते. वृषणे काढलेल्यांचा तुरा सुकला, आरवणे थांबले, भांडणे संपली. मग काहींच्या पोटात वृषण पुन्हा बसवले, तेही आधीच्या नसांशी न जोडता. तुरा लाल झाला, कोंबडा आरवला, माद्यांमागे लागला. नस तुटलेली असताना हा निरोप पोचला कसा? रक्तातून, असे त्याने म्हटले. तेव्हा कुणी फारसे लक्ष दिले नाही. हार्मोन हे नाव प्रचारात यायला १९०५ साल उजाडले.

गायीला जुळे झाले, एक गोऱ्हा आणि एक कालवड, तर ती कालवड दहातल्या नऊ वेळा तरी गाभण राहत नाही. गोठ्यात हा कोड्याचा विषय असतो. फ्रँक लिली या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९१६-१७ च्या सुमारास त्याचा उलगडा केला. पोटात दोघांच्या वारेच्या रक्तवाहिन्या जुळतात, भावाची संप्रेरके बहिणीच्या रक्तात उतरतात आणि तिची जननेंद्रिये नीट घडत नाहीत. बाहेरून कालवड धडधाकट दिसते. अशी कालवड पाळायची की नाही हे ठरवायचे असेल, तर दोन वर्षे चारा घालण्याआधी डॉक्टरकडून तपासून घ्यावे.

आता पान्हा. गाय पान्हा चोरते, हे धार काढणाऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. अनोळखी माणूस बसला, कुत्रे भुंकले, वासरू मेले, की सड कोरडे. दूध तयार असते, पण कासेच्या बारीक पिशव्यांतून खाली येत नाही. वासराने ढुसण्या दिल्या, की सडातल्या नसांचा निरोप मेंदूत जातो, पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात सुटते आणि मिनिटभरात पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळून दूध खाली ढकलतात. रक्तात त्याचा जोर काही मिनिटेच टिकतो, म्हणून पान्हा सुटल्यावर रेंगाळणारा माणूस दूध गमावतो. वासरू मेलेल्या गायीपुढे पेंढा भरलेले कातडे ठेवण्याची जुनी युक्ती याच साखळीला फसवण्याची होती. वास आणि आकार मिळाला की मेंदू कातड्यालाही वासरू मानतो.

मिनेसोटा विद्यापीठातल्या एली आणि पीटरसन यांनी १९४१ मध्ये ही गोष्ट विलक्षण प्रकारे सिद्ध केली. गायीच्या पाठीवर मांजर ठेवले, जवळ कागदी पिशव्या फोडल्या आणि मग धार काढली. दूध आटले. भीतीने सुटलेले अ‍ॅड्रिनॅलिन पान्ह्याच्या आड येते, हा त्यांचा निष्कर्ष. गोठ्यात आरडाओरड करू नये, हे आपल्याकडची म्हातारी माणसे सांगत आली, ते उगीच नव्हे.

व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी १९५३ मध्ये ऑक्सिटोसिन हे नऊ अमिनो आम्लांचे संप्रेरक प्रयोगशाळेत बनवले आणि १९५५ चे नोबेल मिळवले. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवून ते जगभर जीव वाचवते. आपल्याकडे मात्र तेच गोठ्यातल्या बाटलीत जाऊन बसले. वासरू दूर बांधायचे, दोन वेळा सुई टोचायची, धार काढायची. केंद्र सरकारने २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना त्याच्या उत्पादनाची बंदी केली. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती रद्द ठरवली, कारण बंदीने बाळंतिणींचे औषधच तुटण्याची भीती होती. माझे मत विचाराल तर न्यायालयाचा निर्णय बरोबर होता आणि गोठ्यातली सुईही चूकच आहे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. रोज सुई घेणारे जनावर हळूहळू सुईवाचून पान्हवेनासे होते. वासराला दोन सड सोडणारा शेतकरी एक-दोन लिटर गमावतो, पण त्याची गाय आपणहून पान्हवते.

या सगळ्यात मला एक धागा दिसतो आणि तो पुस्तकांतल्या नेहमीच्या चित्राशी जुळत नाही. संप्रेरक म्हणजे शरीराला सुटणारा हुकूम, असे आपण शिकतो. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा परिस्थितीला शरीराने दिलेले उत्तर असते. ऋतू, चारा, पाणी, सोबत, भीती, हे सगळे आधी मेंदू वाचतो आणि मग ग्रंथी बोलते.

म्हशीचेच पाहा. उन्हाळ्यात ती माजावर येते, पण ओरडत नाही, अस्वस्थ होत नाही. याला मुका माज म्हणतात. शेतकऱ्याला कळत नाही आणि वेळ हुकते. दिवस लहान व्हायला लागले, रात्र वाढली, की मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन अधिक वेळ सुटते आणि म्हशीचे प्रजनन रांगेला लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास भरलेली म्हैस दहा महिन्यांनी, म्हणजे पावसाळ्यात, हिरव्या चाऱ्यावर विते. दिवसाची लांबी मोजून दहा महिन्यांनंतरचा चारा ठरवणारे हे कॅलेंडर आहे.

माशांत तर हे आणखी स्पष्ट दिसते. नळगंगेसारख्या धरणात रोहू, कटला, मृगळ वाढतात, माद्यांच्या पोटात अंडी भरतात, पण साचलेल्या पाण्यात त्या अंडी घालत नाहीत. त्यांना पूर हवा, वाहते गढूळ पाणी हवे. ते नसले की पीयूषिका गप्प राहते. पूर्वी मत्स्यबीज नद्यांतून गोळा करावे लागे, त्यात नको ते मासेही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी दुसऱ्या माशांच्या पीयूषिकेचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांना अंडी घालायला लावले. आजही १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे. पुढे कळले की परिस्थिती अनुकूल नसताना मेंदूतले डोपामिन हे पीयूषिकेवरचा लगाम धरून बसते. म्हणून हल्लीच्या इंजेक्शनात संप्रेरकासोबत हा लगाम सोडवणारे औषधही असते. म्हणजे माशाला पूर आल्याचे सांगून फसवणे, गायीला कातडे दाखवण्यासारखेच.

पहिल्या पावसानंतर डबक्यांत वळवळणारी बेडकांची पिले थायरॉइडच्या संप्रेरकाने बेडूक होतात. गुडरनात्श यांनी १९१२ मध्ये पिलांना थायरॉइड ग्रंथी खाऊ घालून ती लवकर बेडूक होतात हे दाखवले. डबके आटू लागले की मेंदूतले ताणाचे संप्रेरक ही घाई वाढवते, हे नंतर अमेरिकेतल्या वाळवंटी बेडकांवर दिसले. लवकर बाहेर पडलेला बेडूक लहान राहतो, पण जगतो.

कपाशीकडे येऊ. बोंडे उकलली की त्यावर लाल ढेकण्या दिसतात. सरकीचा रस शोषतात आणि चिरडल्या तर रुईला डाग पडतो. या किड्याच्या कुळाने विज्ञानाला एक गमतीदार धडा दिला. १९६० च्या दशकात प्रागहून कारेल स्लामा आपले लाल ढेकूण घेऊन हार्वर्डला कॅरोल विल्यम्स यांच्याकडे आले. प्रागमध्ये ते पाचव्या अवस्थेनंतर पंख फुटून प्रौढ होत. हार्वर्डमध्ये ते सहाव्या, सातव्या अवस्थेपर्यंत बालच राहिले आणि प्रौढ न होताच मेले. हवा, पाणी, खाद्य, सगळे तपासले. दोष निघाला बशीतल्या कागदी रुमालात. अमेरिकी वर्तमानपत्रांच्या कागदानेही तेच झाले. लंडनच्या ‘टाइम्स’च्या कागदाने काही झाले नाही.

अमेरिकी कागद बाल्सम फर या झाडाच्या लगद्याचा होता. त्या झाडात किड्यांच्या बाल-संप्रेरकासारखे द्रव्य असते. किड्याच्या शरीरात हे संप्रेरक जोवर आहे, तोवर कात टाकली तरी पुन्हा बालपणच मिळते. ते ओसरले की प्रौढत्व येते. झाडाने शत्रूला मारले नाही, मोठेच होऊ दिले नाही. आणि हे द्रव्य चालते फक्त याच कुळावर, ज्यात आपल्या कपाशीवरची लाल ढेकणीही येते. विल्यम्स यांनी या कल्पनेतून ‘तिसऱ्या पिढीची’ कीटकनाशके मांडली. कपाशीवरच्या पांढऱ्या माशीसाठी वापरले जाणारे पायरिप्रॉक्सिफेन याच जातीचे. त्याने फवारल्या दिवशी माशा पडत नाहीत, म्हणून पुष्कळांना ते ‘काम करत नाही’ असे वाटते आणि वर दुसरे जहाल औषध मारले जाते. ते प्रौढ माशीसाठी नाहीच. अंडी आणि पिले यांच्यासाठी आहे. आठ-दहा दिवस धीर धरावा लागतो. हे दुकानदाराने सांगावे, पण बहुधा सांगत नाहीत.

आता डोंगरावरचा पाहुणा. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या ‘सी-१’ या तरुण नराला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली गेली. जूनमध्ये त्याने घर सोडले. तेलंगणातले आदिलाबाद, पैनगंगा, हिंगोली, वाशिम अशी शेते, ओढे, रस्ते तुडवत, बहुतेक रात्री चालत, तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तिथल्या फिरण्यासह नऊ महिन्यांत सुमारे ३,००० किलोमीटर, पाच हजारांहून अधिक ठिकाणांची नोंद. भारतातल्या वाघाची ही सर्वांत लांब नोंदलेली भटकंती म्हणून गाजली. ज्ञानगंगा रोहिणखेडच्या पूर्वेला, त्याच डोंगररांगेत आहे.

दीड-दोन वर्षांच्या नराच्या अंगात टेस्टोस्टेरॉन चढू लागते. आई पुन्हा माजावर येण्याच्या बेतात असते आणि इलाख्याचा धनी दुसऱ्या नराला खपवत नाही. घर सोडण्याची ओढ या तिन्हींतून मिळून येते. कुठे थांबायचे हे मात्र संप्रेरक ठरवत नाही. शिकार, पाणी, आडोसा आणि मादीचा वास, एवढे वाघ शोधतो. नर-मादी एकमेकांची खबर झाडांवर फवारलेल्या मूत्रातून घेतात. कोलकात्याच्या रतनलाल ब्रह्मचारी यांनी त्यात बासमतीच्या सुगंधाचे द्रव्य शोधले. मोहाच्या फुलांतही तेच असते. ज्ञानगंगेत शिकार होती, पाणी होते, मादी नव्हती. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढली गेली, आणि त्याच्यासाठी एखादी मादी आणावी का, याची चर्चा वनखात्यात झाली. २०५ चौरस किलोमीटरच्या, शेतांनी वेढलेल्या जंगलात कुटुंब वाढले तर पिले पुढे जाणार कुठे, हा प्रश्न मला मादी आणण्यापेक्षा आधीचा वाटतो.

वाघाच्या विष्ठेतून ताणाच्या संप्रेरकाचे अवशेष मोजता येतात. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या वन्यजीव प्रयोगशाळेने २०१९ मध्ये कान्हा आणि बांधवगडच्या वाघांत पर्यटनाच्या हंगामात हे प्रमाण वाढलेले दाखवले, आणि गाड्यांच्या संख्येशी त्याचा संबंध दिसला. जिप्सीतून आपण वाघ पाहतो तेव्हा त्याच्या रक्तात काय होते, याची ही नोंद.

बुलढाणा-खामगाव रस्ता ज्ञानगंगेतून जातो. वयात आलेली जनावरे, मग तो वाघ असो, बिबट्या असो की रोही, नवा इलाखा शोधताना असेच रस्ते ओलांडतात. तिथून जाताना गाडीचा वेग कमी ठेवा आणि हॉर्न वाजवू नका.