लाकूड बदललं, तरी रोलर कोस्टर तोच का?

सिनॉप्सिस लिहिताना 'जतन', 'विकास', 'परिणाम' असे शब्द आपण सहज टाकतो. शब्दाची व्याख्याच ठरलेली नसेल, तर मोजायचं काय? एक उदाहरण बघू.

इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या मार्गेट गावात ड्रीमलँड हा करमणूक पार्क आहे. तिथला लाकडी रोलर कोस्टर, 'सीनिक रेल्वे', १९२० मध्ये सुरू झाला. २००२ मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. एप्रिल २००८ मध्ये आग लागली आणि त्याचा साधारण पाव भाग जळाला. पण २०११ मध्ये त्याचा दर्जा कमी न होता उलट वाढला! दुरुस्तीनंतर ऑक्टोबर २०१५ मध्ये तो पुन्हा धावू लागला. जळालेल्या जागी नवं लाकूड, गाड्याही नव्या. मग जतन नेमकं कशाचं झालं?

पहिली व्याख्या साहित्याची: मूळ लाकूड किती टिकलं? इथे अडचण अशी, की उघड्यावरचं लाकूड पावसाने कुजतं आणि गाडीच्या हादऱ्यांनी त्याचे जोड सैल होतात. त्यामुळे चालत्या लाकडी कोस्टरचे तुकडे आग न लागताही बदलावेच लागतात.

दुसरी व्याख्या रचनेची: चढउतार, वळणं, सांधे पूर्वीसारखे आहेत का?

तिसरी वापराची. या गाडीत ब्रेकमन स्वतः बसायचा आणि उतारावर हाताने ब्रेक लावायचा. स्वयंचलित ब्रेक बसवले असते, तर लाकूड शंभर टक्के मूळचं असूनही ही पद्धत संपली असती.

वारसा संवर्धनातला १९९४ चा 'नारा दस्तऐवज' हेच मांडतो: अस्सलपणा फक्त साहित्यात नसतो; तो रचनेत, वापरात आणि परंपरेतही असू शकतो.

आता गंमत बघा. व्याख्या बदलली की डेटाही बदलतो. पहिलीसाठी प्रत्येक तुळईचं वय नोंदवावं लागेल, दुसरीसाठी जुने नकाशे आणि मोजमापं, तिसरीसाठी ब्रेकमनच्या मुलाखती. निष्कर्षही वेगळे निघतील. फक्त पहिलीवर अडून बसलो असतो, तर आगीनंतर 'आता वाचवायचं काय उरलं?' असंही कुणी म्हणू शकलं असतं.

म्हणून गाइडकडे जाण्याआधी एवढं करा: शीर्षकातला सगळ्यात मोठा शब्द घ्या, त्याच्या तीन व्याख्या लिहा आणि प्रत्येकीसमोर लागणारा डेटा लिहा. जो डेटा तुम्हाला खरंच मिळवता येईल आणि जो तुमच्या प्रश्नाला उत्तर देईल, ती व्याख्या निवडा. बाकीच्या दोन का सोडल्या, तेही सिनॉप्सिसमध्ये लिहा. व्हायवात हे विचारतातच.