ॲल्युमिनियम हनीकोंब पॅनेलची जोडणी व गळती चाचणी

ॲल्युमिनियम हनीकोंब पॅनेल म्हणजे दोन पातळ पत्र्यांमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी बसवून तयार केलेला, वजनाने हलका परंतु अतिशय ताठ असा फलक होय. विमानांचे भाग, उपग्रहांचे सांगाडे व रेल्वे डब्यांच्या फरश्या यांत त्याचा वापर होतो. जाळीचा वर्ख बहुधा ०.१ मिमीपेक्षाही पातळ असतो.

जोडणी

शुद्ध ॲल्युमिनियम ६६० °से. तापमानास वितळते, त्यावरील ऑक्साइडचा थर मात्र सुमारे २,०७० °से. पर्यंत टिकून राहतो. हा थर दूर होण्याआधीच खालचा पातळ पत्रा वितळून भोक पडण्याचा धोका असतो. शिवाय वितळलेल्या धातूत शिरलेला हायड्रोजन धातू गोठताना सूक्ष्म छिद्रे मागे ठेवतो. पृष्ठभागावरील ओलावा व तेलकटपणा हे या हायड्रोजनचे नेहमीचे स्रोत असल्याने स्वच्छतेला येथे फार महत्त्व आहे.

बहुतेक पॅनेलांत जाळी इपॉक्सी गोंदाने चिकटवलेली असते व हा गोंद साधारणपणे १२० ते १८० °से. तापमानास पक्का केलेला असतो. त्यामुळे वेल्डिंग करायचे झाल्यास ते कडेच्या जाड चौकटीपुरते आणि गोंदापासून दूर ठेवावे लागते. संपूर्ण धातूचे पॅनेल हवे असल्यास ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातू वापरून निर्वात भट्टीत ब्रेझिंग करतात.

गळती चाचणी

फटीतून शिरलेले पाणी जाळी गंजवते, गोठल्यास सांधे उखडते. यासाठीची सर्वांत सोपी चाचणी म्हणजे पॅनेल गरम पाण्यात बुडवणे. आतील हवा प्रसरण पावते आणि फट असेल तेथून बुडबुडे येतात. मात्र सदोष पॅनेल थंड होताना तेच पाणी आत ओढून घेते. म्हणून ते लगेच बाहेर काढून वाळवावे लागते.

आत हवा भरून दाब किती घटतो हे पाहण्याची पद्धत येथे तितकीशी योग्य नाही. जाळी सच्छिद्र नसेल, तर प्रत्येक पोकळी स्वतंत्र असते व हवा सर्वत्र पोहोचतच नाही. जाळी सच्छिद्र असली, तरी ०.१ बार जादा दाबाने १ चौ. मी. पत्र्यावर सुमारे १० किलोन्यूटन, म्हणजे जवळपास एक टन वजनाइतके बल येते आणि पत्रा जाळीपासून सुटू शकतो. तापमानातील १ °से. बदलानेही दाब सुमारे ०.३ टक्के बदलतो. त्यापेक्षा आतील हवा उपसून बाहेरून हेलियम फवारणे श्रेयस्कर, कारण तेव्हा वातावरणाचा दाब पत्र्यांना जाळीवरच दाबून धरतो. हवेत हेलियमचे प्रमाण दहा लाख भागांत केवळ ५ भाग असल्याने आत शिरलेला अल्पसा वायूही वस्तुमान वर्णपटमापकाने ओळखता येतो.

उपग्रहांच्या पॅनेलांत याउलट हवा बाहेर पडावी म्हणून मुद्दाम सच्छिद्र जाळी वापरतात. अडकलेल्या वायूचे परिणाम नासाच्या एक्स-३३ प्रकल्पात दिसून आले. त्यातील द्रव हायड्रोजनची टाकी ॲल्युमिनियमची नसून कार्बन तंतूंच्या संमिश्राची होती. तिची भिंत मात्र हनीकोंब रचनेचीच होती. नोव्हेंबर १९९९ मधील चाचणीत आतील थराच्या सूक्ष्म तड्यांतून हायड्रोजन जाळीत शिरला. टाकी रिकामी झाल्यावर तापमान वाढले, जाळीतील वायूचा दाब चढला आणि बाहेरचा थर सुटून आला.