फुलंब्रीच्या टॉवरवर टोकियोचा फोन

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याला जाणारा रस्ता चौक्याचा घाट ओलांडून फुलंब्रीत येतो आणि पुढे आळंद, सिल्लोड करत लेण्यांकडे वळतो. जपान, कोरिया, थायलंड, श्रीलंका इथून येणाऱ्या बौद्ध पर्यटकांच्या गाड्या याच रस्त्याने जातात. फुलंब्रीतून जाताना टोकियोचा पाहुणा फोनवर काही शोधतो, तेव्हा ती मागणी फुलंब्रीच्या टॉवरने उचललेली असते, पण ती इथल्या इंटरनेटवर उतरत नाही. ती आधी जपानला जाते, तिथे इंटरनेटला मिळते आणि उत्तरही जपानमार्गेच फुलंब्रीत येते. फुलंब्रीचा माणूस उमऱ्याला, लुंबिनीला किंवा जर्मनीत शिकणाऱ्या मुलाकडे जातो, तेव्हा त्याच्या फोनचेही असेच होते, फक्त दिशा उलटी. परदेशात डेटा महाग का पडतो, हळू का चालतो आणि ऐनवेळी ओटीपी का येत नाही, हे समजायचे तर आधी हा फेरा समजून घ्यायला हवा.

सिमकार्डात साधारण १५ आकडी ओळख क्रमांक असतो. तो आपल्या मोबाइल नंबरहून वेगळा. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात : भारताचे ४०४ आणि ४०५, जपानचे ४४०, सौदी अरेबियाचे ४२०, जर्मनीचे २६२. विमान उतरल्यावर फोन सुरू झाला की तो आसपासचे टॉवर हुडकतो आणि हा क्रमांक कळवतो. भारतातल्या कंपनीला ४४० दिसताच पाहुणा जपानचा आहे हे उमगते. पण तो खरा की तोतया, हे कसे ठरवायचे?

या साऱ्या व्यवस्थेतला हा भाग मला सर्वांत देखणा वाटतो. सिममध्ये एक गुप्त किल्ली असते. तिची दुसरी प्रत जगात एकाच ठिकाणी असते, जपानमधल्या मूळ कंपनीकडे. भारतातली कंपनी जपानला विचारते. तिकडून एक स्वैर निवडलेला आकडा आणि त्याचे अपेक्षित उत्तर अशी जोडी येते. फुलंब्रीचा टॉवर तो आकडा फोनला देतो. सिम आपली किल्ली वापरून गणित करते आणि उत्तर परत पाठवते. दोन्ही उत्तरे जुळली की फोन खरा. किल्ली मात्र सिममधून बाहेर पडत नाही, हवेतून जात नाही आणि भारतातल्या कंपनीलाही कळत नाही. थ्री-जीपासून सिमही उलटी परीक्षा घेते, समोरचे नेटवर्क खरे आहे ना याची. फोनच्या कोपऱ्यात परक्या कंपनीचे नाव उमटेपर्यंतच्या अवघ्या काही क्षणांत एवढे सगळे दोन देशांत उरकलेले असते. परक्या नेटवर्कवर फोन असा चालण्याला रोमिंग म्हणतात. त्याचा पहिला करार १९९२ मध्ये फिनलंड आणि ब्रिटनमधल्या दोन कंपन्यांत झाला. आज जगातल्या शेकडो कंपन्या एकमेकींच्या ग्राहकांना अशा करारांनी दारात घेतात.

ओळख पटल्यावर डेटाचा मार्ग तयार होतो. एक पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून पाठवावे तशी पाहुण्याची प्रत्येक मागणी दुसऱ्या आवरणात बंद होते आणि रोमिंगसाठीच्या वेगळ्या जाळ्यातून थेट मूळ कंपनीच्या दारात जाऊन उघडते. मूळ कंपनीला ग्राहकाने किती डेटा वापरला ते मोजायचे असते, पॅक संपला की थांबवायचे असते आणि आपल्या देशाचे नियम पाळायचे असतात. म्हणून डेटा तिकडे नेला जातो.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते टोकियो सरळ रेषेत सुमारे ६,७०० किलोमीटर. समजा, या पाहुण्याने संभाजीनगरच्या एखाद्या हॉटेलचे संकेतस्थळ उघडले आणि ते मुंबईतल्या सर्व्हरवर आहे. मागणी टोकियोला जाणार, तिथून मुंबईला येणार. उत्तर पुन्हा टोकियोला आणि मग फुलंब्रीला. जवळपास २७ हजार किलोमीटर झाले. सरळ रेषा धरली तरी सेकंदाचा सातवा-आठवा भाग निव्वळ प्रवासात जातो, आणि समुद्रातल्या केबली सरळ रेषेत टाकलेल्या नसतात. शिवाय एक पान उघडायला अशा अनेक फेऱ्या लागतात. फुलंब्रीत टॉवरची रेंज पूर्ण दिसते आणि पान मात्र रेंगाळते, ते यामुळे.

या फेऱ्याचा कधी फायदाही होतो. चीनमध्ये व्हॉट्सॲप आणि गुगल बंद आहेत. पण भारतीय सिमवर रोमिंग घेऊन गेलेल्या माणसाचा डेटा भारतात येऊन इंटरनेटला मिळतो, त्यामुळे ही ॲप्स त्याच्या फोनवर सहसा चालतात. तिथले स्थानिक सिम घेतले की ती थांबतात.

फोन कॉलचा फेरा तर खिशालाच लागतो. फुलंब्रीचे दोघे भाऊ मक्केत आहेत, दोघांकडे भारतीय सिम. गर्दीत चुकामूक झाली आणि एकाने दुसऱ्याला फोन लावला. दोघांत दोनशे पावलांचे अंतर असले तरी नंबर भारताचा म्हणून कॉल भारताकडे जातो आणि तिथून सौदीत परत येतो. करणाऱ्याला परदेशातून भारतात केलेल्या कॉलचा दर पडतो आणि घेणाऱ्याला रोमिंगमध्ये कॉल घेतल्याचा. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून आपल्या सदस्य देशांत हे जादा आकार कायद्याने काढून टाकले. भारताबाहेर पडणाऱ्याला असे कवच नाही. पॅक घ्यायचा किंवा दुसरी वाट धरायची.

हजच्या दिवसांत आणखी एक अडचण येते, तिच्यावर कोणताही पॅक चालत नाही. २०२५ मध्ये सुमारे १६ लाख ७३ हजार लोकांनी हज केली. मीना आणि अराफातच्या मैदानात ही सगळी माणसे एकाच वेळी असतात. टॉवरकडे लहरींचा ठरावीक पट्टा असतो आणि त्याच्या कक्षेतल्या सगळ्यांत तो वाटला जातो. तिथे जादा टॉवर उभारले जातात, तरी गर्दीच्या तासांत प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येते. म्हणून तंबूचा क्रमांक, बसचा क्रमांक, गटप्रमुखाचा नंबर हे कागदावर हवेत. भारत सरकारने २०२४ मध्ये आणलेले ‘हज सुविधा’ ॲप उपयोगाचे आहे, पण तेही इंटरनेटवरच चालते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा. जीपीएसला डेटा लागत नाही; उपग्रहांचे संकेत फोन स्वतः पकडतो आणि इंटरनेट नसतानाही आपण कुठे आहोत ते दाखवतो.

माझे मत असे की, नंबर आणि डेटा ही दोन कामे परदेशात वेगळी करावीत. भारतीय सिम चालू ठेवावे, पण त्यावरचे डेटा रोमिंग बंद करावे. बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो आणि त्याला डेटा लागत नाही. मात्र सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा सुरू असायला हवी, नाहीतर फोन परक्या टॉवरवर नोंदच करत नाही आणि ओटीपी भारतातच अडकतो. अनेक जण नेमके इथे फसतात. डेटासाठी तिथले स्थानिक सिम किंवा ई-सिम घ्यावे. ई-सिम म्हणजे फोनमध्येच बसवलेली चिप. क्यूआर कोड स्कॅन केला की त्या कंपनीची ओळख आणि गुप्त किल्ली तिच्यात उतरते. प्रवासी ई-सिम विकणारी प्रत्येक ॲप भारतात अधिकृत नसते. जानेवारी २०२४ मध्ये अशा दोन मोठ्या ॲप्सवर सरकारने बंदी घातली. तेव्हा विकणाऱ्याची चौकशी करून मगच पैसे द्यावेत.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी फोनचे लहरपट्टेही तपासावेत. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्री-जी बंद केले, त्यामुळे फोर-जीवरून बोलण्याची सोय नसलेला फोन कॉलसाठी निरुपयोगी ठरतो. खेड्यापाड्यांत दूरवर पोचणारा तिथला ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक फोनमध्ये नसतो. लुंबिनीला जाणाऱ्यांसाठी सूचना वेगळी : सोनौलीच्या सीमेवर भारताच्या हद्दीत असतानाच फोन नेपाळचा टॉवर पकडू शकतो. डेटा रोमिंग चुकून चालू राहिले तर सीमा ओलांडण्याआधीच पैसे जायला लागतात.

हजला, उमऱ्याला, लुंबिनीला जाणाऱ्यांत वयस्कर माणसे पुष्कळ असतात आणि फोनमधली ही बटणे त्यांना कुणी समजावून सांगितलेली नसतात. घरातल्या तरुणांनी निघण्याच्या आठवडाभर आधी एक संध्याकाळ काढावी. आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे, डेटा रोमिंग बंद करावे, नकाशा उतरवावा, महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून खिशात द्यावेत. ई-सिम घेतले असेल तर त्याचा क्यूआर कोड घरच्या वाय-फायवरच स्कॅन करावा, कारण ते उतरवून घ्यायलाही इंटरनेट लागते.