वाकोदचे भाऊ

मंडळी, रावेर-यावलकडे केळीच्या बागेत गेलात, तर खोडांशी काळ्या नळ्या पसरलेल्या दिसतील. परदेशातून माणसं घड्याळं, ट्रान्झिस्टर आणायची. भवरलाल जैन तिकडचं ठिबक पाहून आले आणि ते खान्देशात रुजवलं. आपले शेतकरी जिला ‘जी-नाईन’ म्हणतात, ती टिश्यूकल्चर केळीही त्यांनीच शेतात नेली.

१९३७ साली वाकोदला शेतकऱ्याच्या घरात जन्म. हातची सरकारी नोकरी सोडून १९६३ मध्ये त्यांनी रॉकेल विकायला सुरुवात केली. भांडवल ७,००० रुपये. तीन पिढ्यांनी साठवलेला हा पैसा बरं का! बुडाला असता तर घरच बसलं असतं.

पुढे नव्वदच्या दशकात नको त्या धंद्यांत हात घातला नि कंपनी कर्जात रुतली. भाऊंनी भागधारकांची जाहीर माफी मागितली. आपल्याकडे असं कोण करतं हो?

पैसा आला तसा गावाकडेही वळला. गरीब घरच्या मुलांसाठी जळगावात इंग्रजी शाळा काढली, २०१२ मध्ये गांधीतीर्थ उभं राहिलं. पत्नी कांताबाईंच्या आठवणींचं ‘ती आणि मी’ हे पुस्तकही लिहिलं. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी भाऊ गेले. मागे चार मुलगे, सुना, नातवंडं असा मोठा गोतावळा.